शिडाचा मागचा कोपरा

शुक्रवारी सकाळी फोन वाजला आणि मृणालच्या आधी तो संदेशने उचलला. ती बाथरूममध्ये कपडे पिळत होती. शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, तिच्या कारखान्याची प्रयोगशाळा बंद, म्हणून आठवड्याचे कपडे त्याच दिवशी. रिंग मध्येच तुटली तेव्हा तिला वाटलं, पलीकडच्यानेच ठेवला असेल. मग संदेशचा आवाज आला. एकच शब्द, स्पष्ट आणि ठाम, टेबलामागे बसलेल्या माणसाने तारीख द्यावी तसा. "सोमवार." जरा थांबून पुन्हा, "सोमवार, सोमवार." अर्धवट पिळलेला टॉवेल तसाच हातात धरून ती बाहेर आली. दोन वर्षं आणि एक महिना संदेशने फोनला हात लावला नव्हता. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, फोन डाव्या हातात, उजवा हात नेहमीसारखा मांडीवर ठेवलेला, आणि चेहऱ्यावर एखादं काम हातावेगळं केल्याचं समाधान. टॉवेलचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. कोणाचा फोन होता, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता, तरी तिने विचारलं. तो तिच्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "सोमवार."

सोमवार हा त्याच्याकडे उरलेला शब्द. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली त्या दिवशी त्याचा उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं गेलं. पाय बराचसा परत आला. बोलण्याचं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं की शब्द आत आहेत, सगळे आहेत, बाहेर यायची वाट बुजली आहे. त्या बुजलेल्या वाटेतून पहिल्यांदा जो सुटून बाहेर आला तो सोमवार. का, ते कोणालाच सांगता आलं नाही. मीठ हवं असलं तरी सोमवार, पंखा बंद करायचा तरी सोमवार, पाठ दुखली तरी सोमवार. दिवा गावाहून आठवड्यातून दोनदा येणारी सान्वी, त्याला बोलायला शिकवणारी मुलगी, कधी नळाला पाणी न आल्यामुळे डोकं न धुताच यायची आणि तसं सांगून हसायची. ती म्हणायची, काकू, शब्द ऐकू नका, सूर ऐका. मृणाल सूर ऐकायला शिकली. मिठाचा सोमवार आखूड असतो, दुखण्याचा लांबतो, हे तिला कळायला लागलं. पण फोनवरचा सोमवार तिने आधी कधी ऐकला नव्हता. तो कशाचाच सूर नव्हता, तो नुसता वार होता, आणि तिला एक बारीक धक्का बसला. हा माणूस आत कुठेतरी पूर्वीसारखाच बसलेला आहे आणि आपल्याला न विचारता त्याने काहीतरी ठरवलं आहे, असा तो धक्का होता.

तिने नंबर पाहिला. काळुरामकाकांचा होता. मोठागावच्या खाडीकाठी त्यांच्या मालकीच्या जमिनीचा एक तुकडा होता आणि त्या तुकड्यावर, एका बाभळीखाली, संदेशची होडी उलटी घालून ठेवलेली असे. तिने परत फोन लावला. काळुरामकाका सत्तरीचे, वडील मिठागरावर राबलेले, स्वतः तरुणपणी शिडाच्या होड्यांतून रेती वाहिलेले. आता त्यांच्या नावाची चार मजली इमारत होती, पण ते राहायचे तळमजल्यावर, दार खाडीकडे उघडेल अशा खोलीत. त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. काठावरून रस्ता जाणार आहे, कंत्राटदाराची माणसं मंगळवारपासून भराव टाकणार, जमीन द्यायचं काकांनी मागेच मान्य केलेलं आहे. टेम्पो आत येत नाही कारण वाट आत्ताच खणून ठेवली आहे. पुतण्याच्या होडीचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं, म्हणून ओढून न्यायचीही सोय नाही. पण कल्याणला दुर्गाडीच्या अलीकडे त्यांच्या बहिणीचं, हौसाबाईचं घर काठावर आहे, तिथे होडी राहील. "मी इचारला, साहेब, कवा नेता?" ते म्हणाले. "साहेबांनी सांगितलान सोमवार. मंग मी बहिनीला कलवला पन. सोमवारी सकालच्या भरतीवर सोरा होरी, पानीच वर नेईल."

मृणालने त्यांना सांगितलं नाही की साहेब सगळ्यालाच सोमवार म्हणतात. काळुरामकाकांना ते माहीतच होतं. तिने फोन ठेवला आणि उरलेले कपडे वाळत घालताना तिच्या लक्षात आलं की भराव पडणार हे ऐकताच आपल्याला क्षणभर बरं वाटलं होतं. मातीचे ट्रक येतील, बाभूळ जाईल, होडी जाईल, आणि ती कोणी घालवली असं कोणाला म्हणता येणार नाही. या विचाराची तिला लाज वाटली नाही, फक्त तो आपल्याच मनात आहे याचं नवल वाटलं. ती होडी तिला कधीच आवडली नव्हती. संदेश देवगडकडचा. अठराव्या वर्षी नौदलात गेला, पंधरा वर्षांनी बाहेर पडला, मग इथल्याच एका कारखान्यात यंत्रांची देखभाल पाहू लागला. डोंबिवलीत घर घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, इथून पाणी दोन किलोमीटरवर आहे, आणि तिला ते घराच्या जाहिरातीतलं वाक्य वाटलं होतं. नंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पावसाळे त्याने प्लायवूड कापलं, वाकवलं, चिकटवलं. सेक्रेटरीच्या तक्रारी तिने ऐकल्या, घरभर पसरलेला राळेचा वास तिने सोसला. चौदा फुटांची होडी तयार झाली. एक डोलकाठी, एक शीड, शिडाची खालची कड धरणारी एक आडवी काठी, जिला तो बूम म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी तो ऋतिकाला, त्यांच्या मुलीला, घेऊन जायचा. मृणाल कधीतरी जायची आणि मध्ये बसून राहायची, डबा मांडीवर घेऊन, कुठे वाकायचं आणि कुठे सरकायचं ते सांगितलं जाण्याची वाट पाहत. वारा, दोर, कोन, हे सगळं त्या दोघांचं होतं. ऋतिका पुण्याला शिकायला गेली आणि संदेश आजारी पडला, तेव्हा होडी बाभळीखाली उलटी पडून राहिली, आणि घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही, कारण बोलणारा एकच होता आणि त्याच्याकडे एकच शब्द होता.

पुन्हा पाण्यात जायला लावलं ते सान्वीने. तिचं म्हणणं असं की माणसाला ज्याचं वेड होतं तिथे न्या, शब्द तिथे सापडतात. या हिवाळ्यात मृणालने सहा शुक्रवार त्याला खाडीवर नेलं. काळुरामकाकांनी होडी सरळ केली, तिच्या फटी बुजवल्या, शीड काठावर उभं करून दाखवलं. संदेश पुढे बसायचा आणि डाव्या हाताने खुणा करायचा, वर, खाली, ओढ, सोड, आणि सुकाणू आणि दोर तिच्या हातात. मंद वाऱ्यात, काठापासून दगड टाकला तर पोचेल इतक्या अंतरावर. शब्द काही सापडले नाहीत. पण तिला एक गोष्ट सापडली होती, जी तिने कोणाला सांगितली नव्हती. ती अशी की होडीत तो तिच्याकडे पाहायचा नाही. घरी तो सतत तिच्याकडे पाहायचा, ती खोलीतून गेली की त्याची मान वळायची. होडीत तो शिडाकडे पाहायचा, आणि त्या अर्ध्या तासात तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरून जायचं. एवढ्यासाठी ती जायची. सोमवारी जायचं ठरवलं तेही धाडसाने नव्हे. तिने दोन रात्री हवामानाचे अंदाज पाहिले, रजा टाकली, ऋतिकाला काही कळवलं नाही, आणि रविवारी संध्याकाळी जेवताना त्याला विचारलं, "तुला खरंच सोमवार म्हणायचं होतं का रे?" त्याने बोट उचललं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेलं आणि नेमकं उद्याच्या तारखेवर ठेवलं. 

सोमवारी साडेआठला पाणी चढायला लागलं. काळुरामकाकांनी गुडघाभर चिखलात उतरून होडी ढकलली आणि आपण स्कूटरने कल्याणला पुढे होतो म्हणाले. संदेशच्या अंगात नारिंगी जीवरक्षक जाकीट, तिच्याही अंगात. तिने ओढणी डोक्याला बांधून टोक पाठीवर सोडलं होतं. वारा उत्तरेचा होता, समोरून जरा डावीकडून येणारा. होडी समोरच्या वाऱ्यात सरळ जात नाही, तिरकी जाते, म्हणून एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे, असं नागमोडी वर सरकायचं होतं, आणि खालून भरतीचं पाणी ढकलत होतं. पहिला तास इतका सोपा गेला की मृणालला आपण काहीतरी विसरतो आहोत असं वाटत राहिलं. डोंबिवली इतक्या लांबून, पाण्यातून कधी पाहिलीच नव्हती तिने, म्हणजे अशी, अर्धी इमारतींची आणि अर्धी खारफुटीची. आपलं घर त्यातल्या कुठल्या खिडकीत आहे ते शोधून ती थकली. रस्त्यावरून, रिक्षातून, कारखान्याच्या गेटातून जे गाव वीस वर्षं आपल्यावर चालून येत होतं ते इथून अगदी गप्प, कोणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं दिसत होतं.

दहाच्या सुमारास वारा वाढला. वाढला हे तिला आधी पाण्यावरून कळलं. वर जाणारं पाणी आणि खाली येणारा वारा समोरासमोर आले आणि खाडीवर आखूड, चिडलेल्या लाटा उठल्या. होडी कलली, तिचा काठ पाण्याला टेकला आणि थंड पाण्याचा एक लोट मृणालच्या मांडीवर आला. संदेशने डावा हात वर करून मूठ आवळली आणि खाली आणली. ही खूण तिला माहीत होती. शीड लहान कर. हे त्यांनी काठावर दोनदा केलं होतं. शिडाच्या मध्यावर छिद्रांची एक आडवी ओळ असते, शीड खाली उतरवून त्या ओळीपर्यंतचं कापड गुंडाळायचं, म्हणजे वाऱ्याला कमी कापड मिळतं. तिने होडीचं नाक वाऱ्याकडे केलं, शीड उतरवलं, पुढचा कोपरा डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवला, मागच्या छिद्रातला दोर खेचून खाली बूमला बांधला, मधलं सुटं कापड बारीक दोऱ्यांनी आवळून टाकलं आणि शीड पुन्हा चढवलं. वेळ लागला, पण झालं. कोणीतरी शाबास म्हणावं असं तिला वाटलं. ती सुकाणूशी परत आली आणि दोर ओढून शिडात वारा घेतला.

काहीच बदललं नाही, उलट बिघडलं. शीड लहान झालं होतं आणि होडी पहिल्यापेक्षा जास्त कलत होती. ती पुढे जात नव्हती, आडवी घसरत होती. मृणालने दोर अजून ओढला, होडी अजून कलली. सोडला, तर शीड नुसतं फडफडलं. तिने वर पाहिलं तर शीड पोतं भरावं तसं फुगलं होतं, मागच्या कोपऱ्यापासून डोलकाठीपर्यंत एक जाड, तिरकी घडी पडली होती, आणि बारीक दोऱ्या बांधलेल्या छिद्रांपाशी कापड ताणून पांढरं पडलं होतं. काहीतरी चूक आहे हे दिसत होतं, काय चूक आहे ते दिसत नव्हतं. आणि खालच्या अंगाला, वारा त्यांना जिकडे लोटत होता तिकडे, काठापासून थोड्या अंतरावर रेती वाहणारा एक जुना, सपाट बुडाचा बार्ज बुडून पडला होता. भरतीत त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता, पण गंजलेल्या लोखंडाच्या चार-पाच पट्ट्या वर आलेल्या होत्या, वाकलेल्या, धारदार, आणि पाणी त्यांच्यावर आपटून तपकिरी होत होतं. साठ-सत्तर मीटर, फार तर. प्लायवूडची होडी त्याच्यावर गेली तर पाणी आत यायला वेळ लागणार नव्हता, आणि संदेश एका हाताने पोहू शकेल की नाही हे दोन वर्षांत कोणी करून पाहिलं नव्हतं.

"सोमवार," संदेश म्हणाला. तो शिडाकडे बोट करत होता. "सोमवार. सोमवार." सूर ऐकायचा, तिने स्वतःला सांगितलं, पण तो सूर तिने कधी ऐकला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, ओठ वेगळ्या आकारात वळत होते, काहीतरी नेमकं, दोन-तीन शब्दांचं, नौदलात हजारदा म्हटलेलं, तोंडाशी येऊन बुजत होतं आणि बाहेर सोमवार पडत होता. मृणालला राग आला. वाऱ्याचा नाही, बार्जचाही नाही. दोन वर्षांचा राग, स्वच्छ आणि गरम, की तुला सगळं येतं आणि तू मला एक अक्षर देऊ शकत नाहीस. ती ओरडली नाही. ती अगदी हळू म्हणाली, "मला कळत नाहीये, संदेश. दाखव मला." आणि हे आपण त्याला आजवर कधी म्हटलेलं नाही, नेहमी अंदाज करत आलो, अंदाज चुकला तर दुसरा अंदाज केला, हे तिला त्या क्षणी कळलं.

 तो तिच्याकडे मागे सरकला, बसल्या बसल्याच, आणि तिच्या पाठीवर फडफडणारं ओढणीचं टोक त्याने डाव्या हातात पकडलं. तिला वाटलं, घाबरून आधार धरतो आहे. तो आधार धरत नव्हता. त्याने ओढणी तिच्या डोक्यावरून खेचून काढली, एक कोपरा दाताखाली धरला, दुसरा डाव्या हातात, आणि हात सरळ खाली आणला. ओढणीत वारा भरला, ती पोत्यासारखी फुगली, तिरकी घडी पडली, हुबेहूब डोक्यावरच्या शिडासारखी. त्याने भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं. मग तोच हात, खालीच ठेवून, मागे नेला. दूर मागे, खांदा ताणेपर्यंत. ओढणीची घडी नाहीशी झाली. ती एका पातळ पट्टीसारखी सपाट झाली आणि वारा तिच्यावरून निघून गेला. त्याने दोनदा केलं. खाली, फुगलं. मागे, सपाट.

तिला दिसलं. मागचा कोपरा तिने फक्त खाली बांधला होता, मागे ताणला नव्हता. दोर छिद्रातून सरळ खाली घेऊन बूमला गुंडाळला होता, तो बूमच्या टोकापर्यंत न्यायला हवा होता. म्हणून कापड सैल राहिलं, सैल कापडात पोट तयार झालं, आणि ते पोट वाऱ्याचं सगळं वजन होडीच्या अंगावर आडवं टाकत होतं. आणि मधल्या दोऱ्या तिने आवळल्या होत्या, त्यांनी फक्त सुटं कापड धरायचं असतं, ताण घ्यायचा नसतो. हे सगळं तिला एकदम समजलं, एखादा नमुना नळीत रंग बदलतो तसं, आणि त्याबरोबर हेही समजलं की हे करायला दोन्ही हात लागतील आणि तोवर सुकाणू कोणीतरी धरायला हवं.

तिने सुकाणूची मूठ त्याच्याकडे वळवली. "नाक वाऱ्याकडे धर," ती म्हणाली. घरात ती त्याच्या हातात गरम चहाचा कप देत नसे. त्याच्या पेल्यात ती पाणी अर्धंच भरायची. संदेशने डावा हात मुठीवर ठेवला, कोपर बरगडीला टेकवलं आणि अंग मागे रेललं, आणि त्याचं अंग बदललं. बोलता न येणाऱ्या माणसाचं अंग ते नव्हतं. होडीचं नाक वळलं, वाऱ्यात गेलं, तिथेच राहिलं, शीड फडफडायला लागलं आणि बूम होडीच्या मधोमध आला. ती वाकून मागे गेली, पोट काठावर टेकवलं, बूमचं टोक काखेत धरलं. आधी मधल्या दोऱ्या सोडल्या. मग मागचा दोर सोडला, ओला दोर, गाठ बसलेली, तिने ती दातांनी सोडवली, तोंडात खाडीची चव आली. दोर टोकाच्या कडीतून ओवून घेतला आणि पाय रोवून मागे ओढला, त्याने दाखवलं होतं तितकं, खांदा ताणेपर्यंत, मग अजून थोडं, आणि बांधला. त्यावर एक फेरा बूमखालून घेऊन कोपरा खाली बसवला. संदेशने हनुवटीने वर खूण केली, डोलकाठीकडे. पुढची कडही सैल होती, आडव्या सुरकुत्या पडलेल्या. शीड चढवायचा दोर तिने सगळं वजन टाकून आणखी दोन वीत खेचला. मधल्या दोऱ्या पुन्हा बांधल्या, या वेळी सैल, केसांना रबर लावावा तशा. तिने बार्जकडे पाहिलं नव्हतं. पाहायला वेळ नव्हता, आणि तो संदेश पाहत होता.

तो सुकाणू परत द्यायला हात उचलत नव्हता, म्हणून तिने मागितलंही नाही. ती मध्ये येऊन बसली, शिडाचा दोर हातात घेतला आणि ओढला. शीड भरलं. पोत्यासारखं नाही, ताटाच्या बुडासारखं, जरासं खोल आणि बाकी सपाट. होडी कलली, पण ठराविक कलून थांबली, आणि मग पुढे निघाली. आडवी नाही, पुढे. तळाखाली पाण्याचा आवाज बदलला. बार्जच्या पट्ट्या उजवीकडून मागे सरकल्या, इतक्या जवळून की गंजावर बसलेला शिंपल्यांचा थर मृणालला दिसला, आणि एका पट्टीवर अडकलेली निळी प्लास्टिकची पिशवी. मग त्या मागे पडल्या. तिने संदेशकडे पाहिलं. तो शिडाकडे पाहत होता, मागच्या कोपऱ्याकडे, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्याने असेल. त्याने मान डोलावली. शाबास हा शब्द असाही म्हणता येतो.

पुढचा दीड तास ते दोघं बोलले नाहीत आणि त्या न बोलण्यात कशाचीच कमतरता नव्हती. तो सुकाणू चालवत होता, ती शीड. वळायची वेळ आली की तो तिच्याकडे पाहायचा, ती दोर सोडायची, दोघं वाकायची, बूम डोक्यावरून जायचा, दोघं दुसऱ्या बाजूला. तिच्या तळहातांची सालं निघाली होती. मनात एकामागून एक माणसं येत होती, विनाकारण, रांग लावल्यासारखी. मानपाडा रोडवर संदेश कोसळला तेव्हा रिक्षातून स्वतःचे प्रवासी उतरवून त्याला आत घेणारा रिक्षावाला, ज्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. अतिदक्षता विभागातली ती केरळची नर्स, जिने तिला खुर्ची आणून दिली होती. न धुतलेल्या केसांनी येणारी सान्वी. शुक्रवारऐवजी गुरुवारी सुट्टी हवी असली तर काही न विचारता बदलून देणारे प्रयोगशाळेतले देवराम. होडीच्या फटी बुजवणारे काळुरामकाका, ज्यांनी सोमवार हा शब्द अगदी सोमवार म्हणूनच ऐकला, बहुधा गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी. या सगळ्यांना आपण काय म्हणालो? काहीच नाही. तेव्हा तोंडात फक्त पुढचं काम होतं, पुढचं औषध, पुढची वेळ. आणि हा, समोर बसलेला, ज्याने तिला आज जे शिकवलं ते एकही अक्षर न वापरता शिकवलं. त्याचे आभार कसे मानतात हे तिला माहीत नव्हतं. नवऱ्याला थँक्यू म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती. तिने दोर एक बोटभर सोडला कारण शिडाची मागची कड थरथरत होती, आणि थरथर थांबली.

साडेबाराला दुर्गाडीच्या अलीकडचा काठ आला. काळुरामकाका कमरेला पंचा गुंडाळून पाण्यात उभे होते. त्यांनी होडीचं नाक धरलं आणि पहिल्यांदा शिडाकडे पाहिलं, बराच वेळ, मग मागच्या कोपऱ्याच्या दोरावर बोट ठेवलं. "यो कुनी बांधला?" त्यांनी विचारलं. संदेशने तिच्याकडे बोट केलं.  त्यांनी दोर दोन बोटांनी दाबून पाहिला, सैल झाला नव्हता, आणि हसले. तिघांनी मिळून होडी चिखलातून वर ओढली, हौसाबाईंच्या परसातल्या नारळाला बांधली. संदेश ओढताना डाव्या हाताने ओढत होता, उजवा हात त्याने होडीच्या काठावर नुसता ठेवला होता, तोही कामात असल्यासारखा.

हौसाबाई मोठ्या अंगाच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोमवार म्हणून मासे केले नाहीत याची त्यांनी दोनदा माफी मागितली, मग वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. मृणालचे तळहात पाहून त्यांनी वाटीतून खोबरेल आणलं आणि स्वतःच चोळलं. असं आपल्या हाताला दुसऱ्याने तेल लावून किती वर्षं झाली असतील, हे मोजायचा तिने प्रयत्न केला आणि सोडून दिला. जेवण झाल्यावर हौसाबाई म्हणाल्या, जरा पाठ टेक, बाय. मागच्या पडवीत एक खाट होती, जुन्या साडीची गोधडी घातलेली. मृणाल नको म्हणाली, संदेशच्या गोळीची वेळ झाली, त्याला आडवं करायला हवं. काळुरामकाका म्हणाले, गोळी कुठाय ती दाखव, मी देतो. तिने पर्स त्यांच्या हातात दिली आणि खाटेच्या कडेवर बसली, फक्त पाय सोडायला.

जाग आली तेव्हा तिला कुठे आहोत ते कळलं नाही. ऊन पडवीच्या या टोकाहून त्या टोकाला गेलं होतं. अंगावर कोणीतरी चादर घातली होती. ती धडपडून उठणार होती, कान लावून, कारण गेली दोन वर्षं ती झोपेतसुद्धा एक कान बाहेर ठेवून झोपत होती, त्याचा श्वास, त्याचं कुशीवर वळणं, काठीचा फरशीवरचा आवाज, आणि आता तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, तीन तास, चार तास, काहीच नाही. मग बाहेरून आवाज आला. काळुरामकाका काहीतरी लांबलचक सांगत होते, जुन्या शिडांविषयी, आणि मध्ये मध्ये संदेश हसत होता. खाटेवरून तिला त्यांच्या पाठी दिसत होत्या. दोघं होडीशेजारी बसून शीड घडी करत होते, एक टोक एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, सावकाश, चुकलं की उलगडून पुन्हा. तिला कोणी हाक मारली नव्हती. कोणाला तिची गरज पडली नव्हती. पर्स कोनाड्यात ठेवलेली होती, आणि तिच्याशेजारी गोळीचं रिकामं पाकीट, तिला दिसावं म्हणून मुद्दाम उताणं ठेवलेलं.

मृणालने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. जायला हवं होतं, रिक्षा मिळेपर्यंत अंधार पडणार होता. ती कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा डोळे मिटले.